देवभात, रता आणि कर्जत-३ : खारेपाटातल्या तीन वाफ्यांच्या नोंदी

१९ मे २०२४

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, म्हणजे खारेपाटात, घरामागच्या खाचरात तीन वाफे आखले. एक देवभाताचा, दुसरा आत्याकडच्या तांबड्या रत्याचा, तिसरा कर्जत-३चा. आठवी-नववीच्या मुलांबरोबर या पावसाळ्यात एवढंच काम करायचं आहे. एकाच कुळातली तीन भातं शेजारी शेजारी वाढवायची, पेरणीपासून झोडणीपर्यंत पाहायची आणि दिसेल ते इथे लिहायचं.

देवभात म्हणजे रानभात. तळ्याच्या आणि नाल्याच्या कडेला ते आपसूक येतं, त्याला पेरणारं कोणी नसतं. रता हे खाऱ्या जमिनीतलं जुनं बी. काळा रता, भुरा रता अशी त्याची घराणी आहेत आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या कामात ती मोलाची ठरली. कर्जत-३ हे कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं वाण. हे केंद्र १९१९पासून चालू आहे.

तिन्ही बिया बशीत ठेवल्या. देवभाताच्या दाण्याला बोटाएवढं लांब, खरखरीत कुसळ आहे. रत्याचं कुसळ आखूड, कर्जतला जवळपास नाहीच. देवभात आणि रता सोलले की आत तांबडे, कर्जत पांढरा.

भात माणसाळण्याचं काम चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुरू झालं, साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी. गंगेच्या खोऱ्यातही लोक रानभात गोळा करून खात होते. पुढे पूर्वेकडचं माणसाळलेलं भात इकडे पोचलं, इथल्या भाताशी त्याचा संकर झाला आणि आपण खातो ती भातं घडली, असं जनुकांवरून दिसतं. माणसाने भाताला कसं बदललं एवढंच मुलांच्या पुस्तकात येतं. भाताने माणसाला काय केलं, आपल्या बांधाला, सणाला, कमरेला, देण्याघेण्याला कोणतं वळण लावलं, याचा धडा नाही. खारेपाटात राहणाऱ्या मुलाला तो धडा दाराबाहेर पडल्या पडल्या वाचता यावा, असं मला मनापासून वाटतं.

२७ मे

ओल्या फडक्यात तिन्ही बिया बांधून ठेवल्या होत्या. कर्जतला दुसऱ्याच दिवशी पांढरे मोड दिसले. रता एक दिवस मागे, पण आला. देवभात मात्र ढिम्म. थोडेच दाणे फुगले, बाकीचे जसे होते तसे.

मुलांना वाटलं बी खराब आहे. बी खराब नाही, झोपलेलं आहे. रानातल्या गवताला सगळी पिल्लं एकाच पावसात उठवणं परवडत नाही. मृगाच्या दोन सरी पडून पाऊस पळाला तर उगवलेलं सगळं करपतं, म्हणून काही बी यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याहून उशिरा उठतं. माणसाने पेरायला सुरुवात केली आणि हा शहाणपणा निरुपयोगी ठरला. जे लगेच उगवलं त्याचीच कापणी झाली आणि त्याचंच बी पुढच्या साली शेतात पडलं. झोपाळू दाणे कोणी वेचून टाकले नाहीत, पेरणी-कापणीच्या फेऱ्यात ते आपोआप मागे पडले.

शेजारच्या शेताचे तात्या बांधावरून सगळं बघत होते. देवभाताकडे बोट करून म्हणाले, "बाई, ह्ये गळणारं भात हाय. एकदा शेतात शिरलं की निघत नाय. माझ्या शेताकडं पाणी सोडू नका." त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. आमच्या वाफ्यांचं पाणी त्यांच्या शेतात न जाता मागच्या खड्ड्यात उतरेल असा चर आजच खणून घेतला.

२ जून

बाजारात हापूस संपत आलाय. मुलांनी कोयी जमवल्या होत्या, त्या कुंपणालगत पुरल्या. यातून हापूस येणार नाही हे त्यांना घरात ऐकून माहीत आहे, का येणार नाही ते आज बोललो. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या मेळातून झालेला असतो. त्यामुळे प्रत्येक रोप निराळं निघतं, रायवळ होतं. हापूस टिकतो तो कलमावर. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली. आज देवगडला किंवा रत्नागिरीला उभं असलेलं हापूसचं प्रत्येक झाड हे एका जुन्या झाडाची फांदी आहे, खाली रायवळाचं मूळ घेऊन वाढलेली. हापूसच्या गरात साका, म्हणजे पांढरा स्पंजासारखा दोष होतो म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१मध्ये रत्ना काढला. आंबा त्याने बरा दिला, हापूसची जागा काही घेतली नाही. एकाच चवीवर इतका जीव जडला की झाडाला बदलायची मोकळीकच उरली नाही.

भाताचं तसं नाही. भात बियावर चालतं, आणि कोकणच्या दमट हवेत भाताचं बी एका वर्षापलीकडे फार काळ जोम धरत नाही. कलमी आंबा मालकाशिवायही चार पावसाळे काढतो. भाताला दर वर्षी कोणीतरी पेरावंच लागतं. एखादं घर मुंबईला गेलं आणि दोन पावसाळे शेताकडे फिरकलं नाही की त्या घरचं बी संपतं. रत्याचं बी गावात आता आत्याकडे आणि आणखी एका घरात आहे.

११ जून

पाऊस लागला.

वरच्या अंगाच्या गावांत राब भाजून झाला असेल. ऐन-किंजळीचे टहाळे, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत आवण, म्हणजे लावणीची रोपं, करायचं. त्या डोंगरांवरची ऐनाची झाडं वर्षानुवर्षं टहाळ काढून काढून खुंटासारखी सरळसोट झाली आहेत. भाताच्या रोपाला तीन-चार आठवडे मऊ माती लागते, म्हणून चार मैलांवरच्या झाडाचा आकार बदलतो.

खारेपाटात डोंगर लांब आणि मातीत मीठ. इथली जुनी रीत रहूची. पहिल्या पावसाने मीठ धुऊन खाली जाऊ द्यायचं, बी भिजवून मोड आणायचे आणि चिखलावर फेकायचं. खाऱ्या जमिनीत खोल नांगरट करत नाहीत, खालचं मीठ वर येतं. रत्याला हे सगळं ठाऊक असल्यागत तो वाढतो. त्याला हे शिकवलं उधाणांनी. बांध फुटून खारं पाणी शिरलं त्या वर्षी जी रोपं तगली त्यांचंच बी उरलं, आणि माणसांनी ते पुन्हा पेरलं. समुद्राने निवडलं आणि आत्याच्या आजेसासूने राखलं.

आम्ही वाफ्यात आवण टाकलं. तिन्ही जातींचं एकाच दिवशी.

३ जुलै

लावणी झाली. मुलांच्या कमरा धरल्या. आत्या पासष्टीच्या पुढची, पण तिची ओळ एकदाही वाकडी गेली नाही. लावणीच्या बायांच्या पाठी आणि गुडघे पाहिले की भाताने माणसाच्या शरीरावर काय लिहिलंय ते कळतं. हे शरीरावरचं लिहिणं मुख्यतः बायकांच्या वाट्याला आलं, हेही मुलांसमोर बोलायलाच हवं होतं, आणि बोलले.

लावताना एक गोष्ट घडली. देवभाताची काही रोपं रत्याच्या मुठीत मिसळली गेली आणि ती कोणालाच ओळखू येईनात. मुलांनी पानं पाहिली, देठ पाहिले, जिभाळी पाहिली. आत्यानेही दोन रोपं हातात घेऊन परत ठेवली. पोटरीला येईपर्यंत, म्हणजे पोटात कणीस धरेपर्यंत, हे भात सांगता येत नाही, असं ती म्हणाली.

यामागे निवड आहे आणि ती निंदणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेली आहे. हजारो वर्षं बायका शेतात वाकून तण उपटत आल्या. भातापेक्षा वेगळं दिसलं ते उपटलं गेलं, भातासारखं दिसलं ते वाचलं आणि त्याचंच बी पडलं. म्हणजे माणसाने न ठरवता तणाला भाताचा वेष दिला. बार्टी या बारीक धान्याच्या कुळातल्या काही गवतांनी पूर्वेकडच्या भातशेतांत असाच वेष घेतला आहे. रोपपणी तीही भातापासून वेगळी काढता येत नाहीत. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने हा प्रकार नीट ओळखला. राय हे धान्य आधी गव्हातलं तण होतं, गव्हासारखं दिसत दिसत ते स्वतःच पीक झालं, हे त्याने दाखवलं. जगभरची बियाणी गोळा करणारा हा माणूस १९४३मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने गेला. मुलं हे ऐकून बराच वेळ गप्प होती.

आपल्याकडची गोष्ट छत्तीसगडची. तिथे रानभाताला करगा म्हणतात. करगा ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचं भात लावायची युक्ती निघाली. हिरवं दिसेल ते उपटायचं, एवढं सोपं. काही वर्षं ते चाललं. मग करगाही जांभळा होऊ लागला. भाताशी त्याचा संकर होतो, जांभळा रंग त्याच्यात उतरला आणि जांभळा करगा तेवढा निंदणीतून सुटला.

तात्या चिंता करतात ती याचीच. मिसळलेल्या रोपांच्या ओळीला सुतळी बांधून ठेवली आहे.

२३ जुलै

गुरुपौर्णिमेनंतरचं उधाण आणि वर मुसळधार. शाळेला सुट्टी. दुपारी भरती उतरल्यावर गावकीची माणसं बांधावर गेली, मीही गेले. उघाडीची फळी एका बाजूने वर उचलली गेली होती, ती माणसांनी पोत्यांनी दाबली.

या बांधाला लोक मातीचा ढिगारा समजतात तेव्हा वाईट वाटतं. खाडीकडून येणारं खारं पाणी अडवणारा हा बांध आणि पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी ही भातासाठी माणसाने समुद्राकाठी केलेली रचना आहे. तिची डागडुजी दर वर्षी लागते आणि ती एकट्याने होत नाही. भाताने गावाला एकत्र यायला लावलं, ते असं.

त्याच भाताने दुसरंही काही केलं. भात एकाच वेळी पिकतं, दाणा कणसाला धरून राहतो, वाळतो, साठवता येतो, मापाने मोजता येतो. रानातले कंद आज एक खणला, उद्या दुसरा, कोण मोजणार? देवभात पिकेल तसं पाण्यात गळतं, त्याचा खंड कोण लावणार? पण रत्याची रास खळ्यावर पडली की खोताचा माणूस माप घेऊन उभा. कोकणातली खोती भाताच्या याच गुणावर उभी होती, असं माझं मत आहे. दाणा गळायचा थांबला तेव्हा तो उपाशी माणसासाठी थांबला, तसाच वसुलीसाठीही थांबला.

आणि याच मुलखात कुळांनी उत्तर दिलं. अलिबाग तालुक्यात चरी इथे ऑक्टोबर १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसणं बंद केलं. तो संप १९३९पर्यंत चालला. १९३७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आपल्या शेतात पीक न घेण्याचा निर्णय वर्षानुवर्षं निभावणं म्हणजे काय, हे भातावर जगणाऱ्यालाच कळेल. हातचं बी टिकवण्यासाठी त्या घरांनी काय केलं असेल, हा विचार बांधावर उभी असताना सारखा मनात येत होता.

पलीकडे फुटलेल्या बांधाच्या आत आता तिवर आणि चिपी माजलीय. त्या जागी माझ्या लहानपणी भात होतं. कांदळवन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, त्यात मासळी वाढते आणि किनारा सांभाळला जातो. पण माणसाने हात काढून घेतला की समुद्र किती लवकर आपली जमीन मोजून घेतो, ते तिथे दिसतं.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

कोळीवाड्यात नारळ समुद्राला गेले. मुलांसाठी फळ्यावर एवढंच लिहिलं : नारळ दोनदा माणसाळला, एकदा प्रशांत महासागराच्या बाजूला आणि एकदा हिंदी महासागराच्या बाजूला, बहुधा आपल्याच दक्षिण भारताच्या आसपास. २०११मध्ये जनुकांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. लांबट, जाड सोडणाचा नारळ समुद्रावर तरंगत जाण्याजोगा, वाटोळा आणि जास्त पाण्याचा नारळ माणसाच्या होडीतून जाण्याजोगा.

वाफ्यात कर्जत-३ निसवलं, कणसं बाहेर आली. देवभाताला पोटरीही नाही. कर्जत दिवस मोजतं, ठरलेले दिवस भरले की फुलतं. देवभात रात्र मोजतं. रात्री पुरेशा लांबल्याशिवाय ते फुलणार नाही. रताही रात्रीकडेच बघतो, पण देवभाताइतका हट्टाने नाही.

वाढीचा ढबही वेगळा. देवभाताचे फुटवे जमिनीलगत पसरले आहेत, त्याच्या वाफ्यात पाय ठेवायला जागा नाही. बाकी दोन्ही सरळ उभी. एका जनुकातल्या बदलाने भात आडवं पसरायचं सोडून ताठ झालं, हे २००८मध्ये कळलं. ताठ झाल्यामुळे ते दाट लावता आलं आणि ओळीत कापता आलं.

८ सप्टेंबर, ऋषीपंचमी

आत्याचा उपास. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्या जमिनीतलं चालत नाही. ऋषीची भाजी शिजली : अळू, माठ, लाल भोपळा, परसातली भेंडी, शिराळी, जे जे परसात आपसूक किंवा हाताने लावलेलं. आणि देवभात. पेणच्या बाजारात ते या दिवसांतच दिसतं आणि चांगल्या तांदळापेक्षा महाग असतं. गेल्या हंगामात गोळा केलेलं, सांभाळून ठेवलेलं.

मला हा दिवस फार मोलाचा वाटतो. नांगराच्या आधी माणूस काय खात होता त्याची आठवण वर्षातून एकदा ताटात येते, आणि ती बायकांनी राखली आहे.

आत्याने पाटीवर कुसळं घासून काढली, उखळात कांडलं. तांदूळ लालसर निघाला. भात शिजायला वेळ लागला, पण त्याला एक रानटी गोडवा होता. मुलांच्या वाट्याला घासघासच आला.

तांबड्या रंगावर बोललो. रानातली सगळी भातं तांबडी. पांढरा तांदूळ हा एका जनुकाच्या मोडतोडीतून आला : त्यातले १४ दुवे (डीएनएची अक्षरं) गळाले आणि सालीचा तांबडा रंग बनेनासा झाला. आज जगात जो पांढरा तांदूळ खाल्ला जातो त्यातल्या बहुतेकाचा पांढरेपणा याच एका घटनेतून पसरला. पांढरा दाणा लोकांना आवडला, राखला, देवघेवीत पसरवला. त्याहून मोठी गोष्ट ही की तेच जनुक दाण्याची झोपही सांभाळतं. मे महिन्यात फडक्यात देवभात उगवलं नाही, रता मागे राहिला आणि कर्जत दुसऱ्या दिवशी मोडावर आलं, त्याच्याशी या रंगाचा संबंध आहे. पांढरेपणा निवडताना लोकांनी दाण्याची झोपही मोडली.

एका मुलीने विचारलं, मग आपण तांबडा तांदूळ सोडला हे चुकलं का? मी म्हटलं, पेजेला आणि खारीत उतरायला रता, पाहुण्याला पांढरा, असं दोन्ही राखणारी घरं इथे होती. सोडण्याची घाई नंतर झाली.

७ ऑक्टोबर

कर्जत-३ कापलं आणि नेमका पाऊस आला. कवळ्या दोन रात्री ओल्या राहिल्या. आज पाहिलं तर कणसातल्या दाण्यांना कोंब.

कोकणातल्या शेतकऱ्याला याचं नवल नाही. परतीच्या पावसात उभ्या पिकाला कोंब आलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. लगेच उगवणारं बी पेरताना सोयीचं, पण दसऱ्याच्या पावसात तीच सोय आपल्यावर उलटते. झोप पुरती घालवायची नसते, थोडी ठेवायची असते. पेरणीला उठेल आणि कापणीला निजेल एवढीच.

२७ ऑक्टोबर

देवभात पिकायला लागलं, म्हणजे गळायला लागलं. कणसाच्या टोकाचे दाणे काळपट झाले की वाऱ्याने, चिमणीने, मुलाच्या सदऱ्याच्या स्पर्शाने खाली. त्याच कणसाचा खालचा भाग अजून हिरवा. संपूर्ण कणीस एका वेळी पिकलेलं पाहायलाच मिळत नाही. देवभात गोळा करणाऱ्या बाया कणसं पिकण्याआधीच मुठीमुठीने एकत्र बांधून ठेवतात. तसं आम्ही अर्ध्या वाफ्यात केलं, अर्धा मोकळा सोडला. मोकळ्या भागात चिखलावर दाण्यांचा सडा. कुसळ चिखलात रुतून दाणा उभा राहिला आहे. आता कुसळाचा उपयोग मुलांना सांगावा लागला नाही.

देठाशी, दाणा जिथे जोडलेला असतो तिथे, पेशींचा एक नाजूक थर बनतो आणि दाणा सुटतो. माणसाळलेल्या भातात हा थर पुरा बनत नाही. एका जनुकातला एकच दुवा बदलल्याने हे घडलं, २००६मध्ये ते सापडलं. एवढ्याशा बदलाला किती काळ लागला असेल? चीनमध्ये तियानलुओशान या जुन्या वस्तीच्या उत्खननात भाताच्या दाण्यांचे देठाकडचे भाग मोठ्या संख्येने मिळाले. सुमारे ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत, न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं. तीनशे वर्षं! दहा-बारा पिढ्या. त्यातल्या एकाही बाईला आपण भात बदलतोय हे कळलं नसेल. ती कणसं कापून घरी नेत होती, वाटेत गळलं ते गळलं, घरी पोचलं ते पेरलं. घरी पोचणाऱ्या दाण्यांत न गळणारे थोडे जास्त, एवढंच. त्या वस्तीत लोक तेव्हा ओक झाडाची फळं आणि पाणशिंगाडेही भरपूर खात होते, आणि जसजसं भात वाढलं तसतसं ते कमी झालं. भात माणसाळत होतं तेव्हा माणूसही भातावर अवलंबून राहायला शिकत होता, एकाच घरात, एकाच चुलीवर.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, रत्याची झोडणी झाली.

आत्या फळीवर पेंढी आपटते तेव्हा तीन-चार फटक्यांत दाणे सुटतात. कर्जतला जरा जास्त. दाणा धरून राहायला हवा, पण इतकाही नको की झोडताना जीव जावा. विळ्याच्या हिसक्याला सुटायचा नाही आणि फळीच्या फटक्याला सुटायचा, या दोन जोरांच्या मधोमध भाताचा देठ येऊन थांबला आहे. म्हणजे माणसाच्या हाताचा जोर भाताच्या देठात उतरलेला आहे. हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत विलक्षण वाटलं, आणि हे फळीशेजारी उभं राहिल्यावरच कळलं.

पेंढा आत्याने मोजून ठेवला. रत्याचा पेंढा उंच, गुरांना चांगला. १९६६मध्ये आयआर-८ आलं तेव्हापासून बुटक्या जातींनी देशाची भूक भागवली, हे खरंच आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ राहावं. पण ज्या घरात गुरं होती आणि गोठ्याला पेंढ्याचं छप्पर होतं, त्या घराने भाताच्या उंचीकडे दाण्याइतकंच लक्ष दिलं.

ताज्या दाण्यांची ओल्या फडक्यातली चाचणी पुन्हा केली. कर्जतचे नवे दाणे उगवले. रत्याचे थोडे. देवभाताचा एकही नाही.

शरीराबद्दल थोडं. आपल्या लाळेत अमायलेझ असतं, ते पिठूळ अन्न फोडायला तोंडातच सुरुवात करतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसामाणसांत कमीजास्त असतात. २००७च्या एका अभ्यासात दिसलं की पिठूळ अन्नावर जगणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने जास्त असतात. यंदाच आलेल्या अभ्यासांनी चित्र आणखी खोल केलं : प्रती वाढण्याची सुरुवात शेतीच्या लाखो वर्षं आधीची आहे, आणि युरोपात शेती आल्यानंतरच्या हजारो वर्षांत त्या आणखी वाढल्या. म्हणजे कंद भाजून खाणाऱ्या पूर्वजांनी तयारी करून ठेवली होती, धान्याने ती पुढे नेली. मुलांना कोरडी भाकरी खूप वेळ चावायला दिली. गोड लागते का पाहा, म्हटलं. लागली.

२२ डिसेंबर

भाताच्या खाचरात उरलेल्या ओलीवर वाल फुललेत. पहिल्या शेंगा भरल्या.

मुलांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, थोडे बटाटे, अंडी, मडकं उलटं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. भांबुर्डा हे तण आहे, त्याला कोणी पेरत नाही, पण भाताच्या आणि वालाच्या बांधावर तो येतो आणि त्याच्याशिवाय पोपटी होत नाही. देवभाताइतकाच हाही आपल्या शेतीचा शेजारी.

वाल मुळात आफ्रिकेतला. रानवालाची शेंग वाळली की तडकते आणि पीळ खाऊन बी उडवते, शेतातल्या वालाची शेंग मिटून राहते. इथपर्यंत भाताचीच गोष्ट. पण वालाने आपला कडवटपणा पूर्ण सोडलेला नाही, आणि आमच्याकडे लोक मुद्दाम कडवे वाल मागतात. कच्च्या वालात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. त्यावर उपाय झाडात न शोधता आपल्या बायकांनी स्वयंपाकघरात शोधला : रात्रभर भिजवायचे, पाणी टाकायचं, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा, मग नीट शिजवायचे. बिरड्याचा सगळा खटाटोप हा झाडाशी केलेला करार आहे. झाडाने आपलं संरक्षण ठेवावं, किडीला तोंड द्यावं, आणि आपण दोन दिवस आधी तयारीला लागावं.

पीक माणसाळवणं शेतात होतं असंच लिहिलेलं असतं. खारेपाटात ते निम्मं चुलीपाशी झालेलं आहे. बिरडं सोलणारे हात कमी झाले की कडवे वालही कमी होणार. बाजारात गोडे वाल वाढलेले दिसतातच.

१९ जानेवारी २०२५

हिशोब आणि पुढची तयारी.

देवभाताच्या वाफ्यात गळलेलं बी चिखलात आहे आणि ते पुढची काही वर्षं थोडं थोडं उगवत राहणार. तो वाफा यंदा पेरायचा नाही. पहिल्या पावसानंतर जे उगवेल ते पोटरीला येण्याआधी उपटायचं, आणि हे दोन-तीन पावसाळे चालू ठेवायचं. हे काम नववीत जाणाऱ्या मुलांनी घेतलं आहे. पाण्याचा चर तसाच ठेवायचा. तात्यांना हे सगळं शेतावर नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "मुलांवर सोडू नका बाई, मी पन बघीन."

सुतळी बांधलेल्या ओळीतली मिसळीची रोपं रता फुलायच्या आधीच काढली होती. तरी त्या ओळीचं आणि देवभाताच्या बाजूच्या दोन ओळींचं बी पेरायला घ्यायचं नाही, दळायला द्यायचं. वाफ्याच्या लांबच्या टोकाची कणसं आत्याने स्वतः निवडली : उंच, भरलेली, एकसारखी तांबडी, रोगट पानाजवळची एकही नाही. मी प्रत्येक कणसाला कारण विचारत गेले आणि मुलीने वहीत लिहून घेतलं. काही कणसं आत्याने कारण न सांगता बाजूला टाकली, तीही वेगळी बांधून ठेवली आहेत, पुढच्या साली पेरून बघायला.

रत्याचं बी चार घरांत द्यायचं ठरलं. दोन घरं बांधालगतची, जिथे गेल्या उधाणात खारं पाणी शिरलं होतं. एक घर तात्यांचं. चौथं घर मुंबईला आहे, पण त्यांचा मुलगा या मे महिन्यात येऊन खाचर साफ करणार आहे. प्रत्येकाने कापणीनंतर तेवढंच बी आत्याकडे परत द्यायचं, म्हणजे एका घराचं बुडालं तरी गावातून बी जाणार नाही. आत्याने सगळ्यांना एकच अट घातली आहे : बी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही.

उघाडीची फळी अजून बदललेली नाही. ती फाल्गुनात, बांधाच्या कामाबरोबर.